चौदाव्या मजल्यावरचं आग्या मोहोळ आणि बाकीच्या 20,000 जाती

ताई, तुमच्या पत्रात चार तक्रारी आहेत. घोडबंदर रोडवरच्या तुमच्या सोसायटीत चौदाव्या मजल्याच्या गॅलरीखाली मोठं पोळं लागलंय. तळमजल्यावर मीटर रूमच्या भिंतीतल्या भोकातून बारीक काळ्या माश्या ये-जा करतात. बागेतल्या बांबूच्या मांडवाला काळे भुंगे भोकं पाडतात. आणि गुलाबाची पानं कुणीतरी कात्रीने कापल्यासारखी गोल कापून नेतं. जनरल बॉडीसमोर ‘मधमाश्यांचा बंदोबस्त’ असा ठराव आलाय. या सगळ्या मधमाश्याच का, जगात यांचे प्रकार तरी किती, आणि फवारणी करावी का, असं तुम्ही विचारलंय.

फवारणी करू नका. ठरावात शब्द एकच असला तरी हे चार जीव चार वेगळ्या संसारांचे आहेत. जपून वागायचं ते फक्त वरच्या पोळ्याशी. मीटर रूममधल्या माशीला डंखच नाही. उरलेल्या दोघींची मादी मुठीत दाबली तरच चावेल.

मी चोवीस वर्षं ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत पोळी हलवतो, सातेरीच्या पेट्या सांभाळतो. लोकांच्या मनात माशी म्हणजे पोळं, राणी, मध आणि डंख असं एकच चित्र असतं. जगातल्या बहुतेक माश्यांना यातलं पोळंही नसतं आणि राणीही नसते. फुलांचा पराग खाऊ घालून पिल्लं वाढवणाऱ्या माश्यांच्या 20,000 हून जास्त जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. त्यांत मेणाचं पोळं बांधून मध साठवणारी खरी मधमाशी, म्हणजे एपिस, तिच्या जाती आठ ते अकरा. अभ्यासकांचं यावर एकमत नाही म्हणून दोन आकडे देतो. डंख नसलेल्या, राळेची घरं करणाऱ्या माश्या 500 हून जास्त. थंड मुलखातल्या केसाळ बंबलबी साधारण 250. उरलेल्यांत बहुतेक एकट्या राहतात. एक मादी, तिचं एक बीळ किंवा एक पोकळ काडी, परागाचे काही लाडू, प्रत्येक लाडवावर एक अंडं. पिल्लाला आई बहुधा दिसतच नाही. या एकट्या माश्यांपैकी निम्म्याहून जास्त जाती जमिनीत बीळ करतात. त्यांच्या घरावरून आपण रोज चालतो.

आता वरच्या पोळ्याकडे येतो. फोटोत दिसतंय ते आग्या मोहोळ. एकच पडदा, उघड्यावर लटकलेला, कधीकधी मीटर-दीड मीटर रुंद. ही मूळची कड्यांवरची आणि उंच झाडांवरची माशी. येऊरच्या जंगलात मोठ्या झाडांच्या आडव्या फांदीखाली ती लागते. तिच्या लेखी तुमचा टॉवर म्हणजे कडाच आणि गॅलरीचा स्लॅब म्हणजे कड्याची कपार. पावसाळा सरला की ती येते आणि पुढचा पाऊस तोंडावर आला की सगळं सोडून उडून जाते. तिला पेटीत ठेवता येत नाही. बंद जागेत ती राहत नाही, शतकभर लोकांनी प्रयत्न करून पाहिलेत.

दुर्बीण असेल तर पोळ्यावरून लाट जाताना बघा. गांधीलमाशी जवळ आली की पोळ्यावरच्या माश्या ओळीने पोटं वर उचलतात आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चकाकती लाट धावते. शत्रू गोंधळून मागे फिरतो. लोक ती लाट बघून घाबरतात, ‘माश्या खवळल्या’ म्हणतात. प्रत्यक्षात ती जागेवर बसून दिलेली ताकीद असते. खवळतात त्या धुराने, पोळ्यात अडकलेल्या पतंगाच्या मांज्याने, फेकलेल्या दगडाने, आणि मोहोळ घार या शिकारी पक्ष्याने झडप घातली तर. एका माशीने डंख मारला की तिथून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, आणि तो वास बाकीच्यांना त्याच जागी बोलावतो. म्हणून पहिला डंख बसताच तिथे उभं राहून हात झाडण्यापेक्षा सरळ आत जाऊन दार लावणं शहाणपणाचं. काटा मागे राहतो, तो नखाने लगेच खरवडून काढावा, जितका वेळ राहील तितकं विष आत जातं. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, अंगभर गांध्या उठल्या किंवा चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट इस्पितळ गाठा.

तुम्ही लिहिलंय की रात्री माश्या घरात येऊन ट्यूबलाइटभोवती फिरतात, हे कसं. आग्या माशी चांदण्या रात्रीही चरायला निघते. उजेडाच्या ओढीने ती आत येते आणि दमून फरशीवर पडते. पोळ्याच्या आसपासच्या चार-पाच घरांनी संध्याकाळी त्या बाजूचे पडदे ओढले, खिडकीला जाळी लावली आणि गॅलरीतला दिवा बंद ठेवला तर हा त्रास जवळजवळ संपतो. मुलांनी अनवाणी फिरू नये, एवढी काळजी पुरते.

फवारणीला माझा एवढा विरोध का, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी नवी मुंबईतल्या एका गृहसंकुलात मला सकाळी बोलावलं. आदल्या रात्री फवारणी होऊन गेली होती. पार्किंगमध्ये मेलेल्या आणि तडफडणाऱ्या माश्यांचा थर होता आणि कुणीतरी तो खराट्याने गोळा करत होतं. खाली खेळायला उतरलेल्या एका लहान मुलीच्या पायात अर्धमेल्या माशीचा काटा रुतला. वर पोळं तसंच राहिलं. राखायला कुणी नसल्याने उन्हाने मेण मऊ झालं, मध भिंतीवरून ओघळला आणि मुंग्या लागल्या. पुढच्या मोसमात मेणाच्या वासावर त्याच स्लॅबखाली नवं मोहोळ बसलं. एवढं विष मारून काय साधलं, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

आग्याच्या दोन बहिणी आपल्याकडे आहेत. फुलोरी सगळ्यांत धाकटी, तळहाताएवढं एकच पोळं झुडपाच्या फांदीभोवती गुंडाळून बांधते आणि मुंग्या येऊ नयेत म्हणून फांदीच्या दोन्ही बाजूंना चिकट राळेचं कडं करते. दुसरी सातेरी. ही अंधारात, पोकळीत, एकाआड एक अनेक पडदे बांधते, म्हणून तिला सातपुडी असंही म्हणतात. आपल्या सह्याद्रीतल्या पेट्यांमधली माशी हीच. वाशीत एकदा पाण्याच्या मीटरच्या पेटीत ती बसली होती. संध्याकाळी एकेक पडदा कापून लाकडी चौकटीत दोऱ्याने बांधला, राणी आत गेली आणि अर्ध्या तासात बाकीच्या तिच्या मागोमाग ओळीने चालत गेल्या. इतकी वर्षं करतोय, तरी तो क्षण आला की मी हात थांबवून बघत राहतो.

सातेरीकडे एक हत्यार आहे. मोठी गांधीलमाशी घरात घुसली तर शेकडो कामकरी तिच्याभोवती गच्च गोळा होतात आणि अंगाचे स्नायू थरथरवून आतली उष्णता 46-47 अंश सेल्सिअसपर्यंत नेतात. गांधीलमाशी भाजून मरते, यांना तेवढं सोसतं.

मीटर रूममधल्या बारीक काळ्या माश्या म्हणजे पोया. जेमतेम चार मिलिमीटर. भोकाच्या तोंडाशी मेण-राळेची छोटी नळी दिसत असेल आणि नळीत पहारेकरणी तोंड बाहेर काढून बसलेल्या असतील. आत मेणाची षटकोनी घरं नसतात. एका बाजूला द्राक्षाच्या घोसासारखी पिल्लांची घरं, दुसऱ्या बाजूला मधाचे आणि परागाचे वेगळे गाडगे. डंख नसला म्हणून त्या दुबळ्या नाहीत. मुंगी आली तर तिला राळ फासतात, आणि फारच छेडलं तर माणसाच्या केसांत शिरून चावतात. मध वर्षाकाठी थोडाच मिळतो, आंबट-गोड, जुन्या घरांत औषध म्हणून जपून ठेवलेला. मेक्सिकोच्या युकातान भागात माया लोकांनी याच कुळातली मोठी माशी पोकळ ओंडक्यांत शेकडो वर्षांपासून पाळली आहे. युरोपातली मधमाशी अमेरिका खंडात पोचली ती सतराव्या शतकात, व्हर्जिनियात 1622 साली. त्याआधी तिथे खरी मधमाशी नव्हतीच. तरी भोपळे पिकत होते, कारण भोपळ्याच्या फुलांवरच जगणाऱ्या तिथल्या एकट्या माश्या पहाटे उठून ते काम करत होत्या.

पोयाच्या भोकात सिमेंट भरू नका, एवढं हक्काने सांगतो. वीज खात्याचा माणूस आला तर त्याला नळी दाखवून ठेवा. बस्स.

मांडवातला भुंगा म्हणजे लाकूड कोरणारी माशीच. त्याच्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण त्याच्यावर सगळ्यांत जास्त अन्याय होतो. जांभळट-निळ्या झाकेच्या पंखांचा, अंगठ्याएवढा काळा भुंगा बघून माणसं पळतात. अंगावर घोंगावत येतो तो बहुधा नर, स्वतःची हद्द राखणारा. नराला डंख नसतोच. डंख म्हणजे मुळात अंडी घालण्याच्या नळीचं बदललेलं रूप, ते मादीकडेच असणार. तुमच्या मांडवावर काही भुंगे पिवळसर दिसत असतील तर तेही परके नाहीत, काही जातींत नराचा रंग मादीहून अगदी वेगळा असतो. मादी वाळका बांबू कोरते, पण लाकूड खात नाही. खाली पडलेला भुसा तिने बाहेर टाकलेला. आत ती परागाचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडं घालते, भुशाची भिंत घालून खण बंद करते आणि पुढचा खण मांडते. ही अंडी कीटकांमधल्या सर्वांत मोठ्या अंड्यांपैकी आहेत. खण थोडे, पिल्लं थोडी. म्हणून एक मांडव जाळला की त्या बागेतली एक पिढी जाते.

ताग, तूर, गिरिपुष्प, शेवगा, पॅशनफ्रूट या फुलांना वजनदार पाहुणा लागतो. नाजूक माशी बसली तर पाकळ्या हलत नाहीत आणि पराग तिच्या अंगाला लागत नाही. तुमच्या परसात पॅशनफ्रूटचा वेल असून फळ धरत नसेल तर भुंगे कमी आहेत का ते आधी बघा.

आणि हा भुंगा आपल्या शेजारचाच आहे, हे अभिमानाने सांगतो. भीमाशंकरच्या अभयारण्यात भुंग्यांच्या जातींवर अभ्यास झाला आहे. त्यांतली एक जात दिवसा उडते, एक संध्याकाळी-पहाटे, आणि तिसरी, झायलोकोपा ट्रँक्वेबारिका, अमावास्येच्या रात्रीही. ताऱ्यांच्या उजेडात ती घरट्याच्या खुणेचा रंग ओळखते, हे 2008 साली प्रसिद्ध झालं. त्या उजेडात आपल्याला सगळं करडं दिसतं. भीमाशंकरला रात्री मुक्काम केलेल्या ठाणेकरांनी अंधारातली ती घरघर ऐकली असेल आणि किडा समजून सोडून दिली असेल.

गुलाबाची पानं नेणारी पानकापी माशी. कापलेला गोल तुकडा पायांत धरून ती उडते आणि भिंतीतलं खिळ्याचं भोक, जुना पाइप किंवा पोकळ काडी यांत विडीसारखी गुंडाळी करते. त्या गुंडाळीत पराग आणि अंडं. परागाची पिशवी हिच्या मागच्या पायांना नसते, पोटाखाली केसांच्या ब्रशात असते, त्यामुळे उडताना पोट पिवळंधमक दिसतं. गुलाबाचं झाड याने मरत नाही. बोगनवेलही ती कापते.

याच कुळातली एक थोरली बहीण इंडोनेशियाच्या मालुकू बेटांवर राहते. जगातली सर्वांत मोठी माशी, मादी जवळजवळ चार सेंटिमीटर लांब, पंख पसरले तर सहा सेंटिमीटरच्या वर. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गोळा केली, मग ती संपली असंच धरलं गेलं. 1981 मध्ये पुन्हा दिसली आणि 2019 मध्ये तिचे जिवंतपणीचे फोटो निघाले. झाडावरच्या वाळवीच्या वारुळात, राळेने भिंती लिंपून, ती घर करते. दुसऱ्या टोकाला अमेरिकेच्या नैर्ऋत्य वाळवंटातली पर्डिटा मिनिमा, दोन मिलिमीटरहून लहान. मधल्या सगळ्या तऱ्हा सांगायला बसलो तर पत्र संपणार नाही. तुर्कस्तान आणि इराणमधली एक माशी फुलांच्या पाकळ्यांचे दोन थर आणि मध्ये माती अशी डबी करून त्यात पिल्लू ठेवते. युरोपातली एक रिकाम्या गोगलगायीच्या शंखात. दक्षिण आफ्रिकेतल्या काही माश्यांचे पुढचे पाय अंगापेक्षा लांब झालेत, कारण त्या फुलाच्या खोल शिंगांतलं तेल काढतात. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या तीन जातींनी पराग सोडून मेलेल्या जनावरांचं मांस धरलंय. माश्या मुळात दहा-बारा कोटी वर्षांपूर्वी शिकारी गांधीलमाश्यांतून शाकाहारी झालेल्या, त्यातल्या या तिघी परत मांसाकडे वळल्या.

माश्यांच्या सर्वांत जास्त जाती कुठे, हे विचारलं तर बहुतेक लोक ॲमेझॉन किंवा आपलं कोकण म्हणतील. पक्षी, झाडं, फुलपाखरं यांच्या बाबतीत ते बरोबर ठरलं असतं. माश्यांचा हिशेब उलटा आहे. भूमध्य समुद्राभोवतीचा कोरडा मुलूख आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्येची वाळवंटं यांत त्यांची सर्वांत मोठी गर्दी. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सुमारे 4,000 जाती, भारतात नोंदलेल्या सातशेच्या आसपास. भारतात शोधणारी माणसं कमी, त्यामुळे आपला आकडा वाढेल, तरी मूळ फरक राहणारच. कारण जमिनीतल्या बिळात आहे. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चार महिने ओल्या मातीत परागाच्या लाडवाला बुरशी धरते. वाळवंटात तो कोरडा राहतो. तिथली माशी पाऊस पडेपर्यंत, कधी वर्षाहून जास्त, जमिनीखाली थांबते आणि फुलं उमलली की बाहेर येते. फुलं थोडे दिवस टिकतात, म्हणून एकेका झुडपाशी एकेक माशी बांधली गेली आणि जाती वाढत गेल्या. इथे पाऊस भरपूर, मोठ्या झाडांना एकदम बहर येतो, आणि तो बहर हजारोंच्या वसाहती करणाऱ्या आग्या, सातेरी, पोया पटकन उचलतात. आपल्याकडे जाती कमी पण माश्या पुष्कळ, असं म्हणता येईल.

तरीही जमिनीत राहणाऱ्या माश्या इथे आहेतच. निळ्या पट्ट्यांची अमेगिला कोरड्या मातीच्या उतारात किंवा मातीच्या जुन्या भिंतीत बीळ करते. वांग्या-टोमॅटोच्या फुलाला घट्ट धरून ती पंखांचे स्नायू थरथरवते तेव्हा मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसा पराग बाहेर येतो. मधमाशीला ही युक्ती जमत नाही. हिचे नर संध्याकाळी वाळक्या काडीला जबड्याने धरून, पाय मोकळे सोडून, ओळीने झोपतात. तिच्या बिळात चोरून अंडं घालणारी थायरियस नावाची निळ्या ठिपक्यांची माशीही आहे, कोकिळा कावळ्याच्या घरट्यात घालते तशी. दोघी दिसल्या तर समजा तुमच्या बागेची माती अजून जिवंत आहे. सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवले की आधी याच जातात.

ठरावाच्या चर्चेत कुणीतरी ‘माश्या वाचवायच्या तर गच्चीवर पेटी ठेवू’ असं सुचवल्याचं तुम्ही लिहिलंय. हेतू चांगला आहे, पण पेट्यांत बहुधा मिळते ती मेलिफेरा, युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातली. तिच्या एका पेटीत हजारो माश्या असतात आणि त्या त्याच फुलांवर उतरतात ज्यांवर पोया, अमेगिला, भुंगे जगतात. मध हवा असेल तर माहितीच्या माणसाकडून सातेरीची पेटी घ्या आणि शिकून सांभाळा. पण त्याला माश्यांचं संवर्धन म्हणू नका. कोंबड्या पाळून रानपक्षी वाढत नाहीत.

ठराव असा लिहा. आग्या मोहोळ मे अखेरपर्यंत तसंच ठेवायचं, त्या बाजूला पतंग, फटाके आणि धूर बंद, चौदाव्या मजल्यावर आणि खालच्या पोडियमवर पाटी लावायची. माश्या उडून गेल्या की रिकामं मेण पूर्ण खरवडून, जागा साबणाने धुऊन, तिथे बारीक जाळी ताणायची, म्हणजे पुढच्या वर्षी ती येऊरकडची जागा शोधेल. पोळं शाळेच्या बसथांब्यावर किंवा लिफ्टच्या दारावर असतं तर माझं उत्तर वेगळं असतं, तेव्हा जाणकाराला बोलावून ते रात्री उतरवावंच लागतं. तुमच्याकडे तशी गरज नाही. मांडवाचे बांबू बदलायचेच असतील तर जुने जाळू नका, कोपऱ्यात सावलीत टेकवून ठेवा, आतली पिल्लं बाहेर पडू देत. बागेत दोन हात जागा माती उघडी ठेवा. आणि गुलाबाजवळच्या भिंतीला, पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी, एका बाजूने बंद असलेल्या पेन्सिलएवढ्या जाड बांबूच्या दहा-बारा नळ्या आडव्या बांधा. एखाद्या नळीचं तोंड हिरव्या पानाने बंद झालेलं दिसलं की मला फोटो पाठवा.